गुलाबी आणि काळा : एका लेझरकामाच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार

शटर अर्धं वर केलं तोच समोरच्या वहिनी दुकानात. थोरल्याचं लग्न मे महिन्यात झालं, म्हणजे सूनबाईंची ही पहिली संक्रांत. हळदीकुंकू १९ जानेवारीला, रविवारी संध्याकाळी, घरापुढच्या अंगणात. हलव्याचे दागिने सांगून झालेत, काळी चंद्रकळा आलीय. आता त्यांना भिंतीवर लेझर हवाय. "गणपतीत हिरवा-निळा सगळेच मारतात भाऊ. आपल्याला गुलाबी पायजे. आणि काळा."

म्हटलं, वहिनी, संक्रांत आहे हे कळतंय, पण काळा उजेड कुठून आणू? "तुम्ही करता हो काहीतरी," म्हणाल्या आणि दोन हजार काउंटरवर ठेवून गेल्या. पैसे ठेवून घेतले, म्हणजे आता सुटका नाही.

भाचा मागं रेण लावता लावता हसत होता. "मामा, काळा लेझर म्हणजे बंद लेझर. आपल्याकडं तसले तीन पडलेत."

पोरगं चेष्टेत बोललं, तरी वहीत लिहून ठेवतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

माळ्यावरचं सामान खाली काढलं. एका मंडपवाल्यानं दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकलेलं तीन रंगांचं लेझर हेड, म्हणजे झोत सोडणारी पेटी, सापडलं. तो परत फिरकला नाही, फोनही उचलत नाही. लेबलावर लाल ६३८ नॅनोमीटर, हिरवा ५२०, निळा ४५०, प्रत्येकी ५०० मिलीवॅट. लेबलावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. आत दोन गॅल्व्हो, म्हणजे आरसे डावी-उजवीकडं आणि वर-खाली हलवणारी मोटर, सेकंदाला वीस हजार ठिपके टाकणारी. धूळ झाडून चालू केलं. हिरवा आहे, निळा आहे, लाल गेला. उरलेल्या दोघांचा मिळून झकास मोरपंखी पडतो, पण लालशिवाय गुलाबीच्या नावानं चांगभलं.

भाच्यानं मला न विचारता दीडशे रुपयांचा 'गुलाबी लेझर' मागवला होता, तोही आज आला. डबी गुलाबी, उजेड लाल.

१९ डिसेंबर, गुरुवार

सूनबाई आल्या होत्या, मजकूर काय लिहायचा ते सांगायला. पुण्याच्या आहेत, कॉम्प्युटरमध्ये काम करतात, प्रश्न नेमका विचारतात. "काका, तीन डायोड जुळवायचा खटाटोप कशाला? गुलाबी रंगाचाच एक डायोड मिळत नाही का?"

डायोड म्हणजे लेझरचा उजेड काढणारा बारीक तुकडा. गुलाबी तसला मिळत नाही, आणि पुढंही मिळणार नाही. हे त्यांना सांगताना माझंच मला जास्त स्पष्ट झालं, म्हणून इथं लिहितो.

लेझरचा रंग कारखानदार ठरवत नाही, आतला पदार्थ ठरवतो. १९६० साली अमेरिकेत मेमननं पहिला लेझर पेटवला तो माणकाच्या कांडीतून. तिच्यातून ६९४.३ नॅनोमीटरचा गडद लाल निघतो. हेलियम-निऑनची नळी घ्या, ६३२.८. बाजारातला जुना हिरवा पॉइंटर घ्या, ५३२. प्रत्येक लेझरचा एक आकडा, म्हणजे त्याच्या उजेडाची तरंगलांबी, आणि प्रत्येक आकड्याची इंद्रधनुष्यात एक जागा. आता इंद्रधनुष्यात गुलाबी शोधा बघू. एका कडेला तांबडा, दुसऱ्या कडेला जांभळा, मधे पिवळा-हिरवा सगळे, पण गुलाबी कुठंच नाही. ज्याला आकडाच नाही त्याचा डायोड कोण बनवणार?

मग साडीच्या दुकानात गुलाबी दिसतो तो कुठला? तो आपल्या डोळ्यात तयार होतो. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात, ढोबळमानानं लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाला दाद देणाऱ्या. लाल आणि निळी जोरात बोलतायत आणि मधली हिरवी गप्प आहे, असं कुठल्याही एका आकड्याच्या उजेडानं होत नाही. तसं झालं की मेंदू इंद्रधनुष्याची दोन टोकं ओढून एकमेकांना बांधतो आणि त्या गाठीला आपण राणी कलर म्हणतो. न्यूटननं रंगांचं वर्तुळ काढताना हेच केलं होतं, तांबड्याला जांभळा आणून जोडला. १९३१ साली रंगमापनाचा जो आंतरराष्ट्रीय नकाशा ठरला तो घोड्याच्या नालासारखा दिसतो. नालाच्या वाकड्या कडेवर प्रत्येक ठिकाणी तरंगलांबीचा आकडा आहे. खालची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ तेवढी बिनआकड्याची. राणी त्या रेघेवर राहतो.

सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनसारखंच की." हो, तसंच. फक्त स्क्रीनचे ठिपके शेजारी शेजारी असतात आणि आपल्याला तीन झोत एकाच रेषेत आणून एकाच जागी पाडायचेत. काम तिथं आहे.

लाल डायोडची ऑर्डर टाकली.

२० डिसेंबर, शुक्रवार

भाच्याचं डोकं गप्प बसत नाही. त्याचं म्हणणं, हिरवा लेझर गुलाबी वस्तूवर मारला तर गुलाबी परत येईल. जाहिरातीचा भडक गुलाबी कागद आणला, त्यावर हिरवा पॉइंटर धरला. ठिपका नारिंगी! हिरव्या लेझरचा ठिपका नारिंगी बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. कागदातलं चमकणारं रंगद्रव्य हिरवा उजेड गिळतं आणि थोडी ऊर्जा स्वतःकडं ठेवून कमी ऊर्जेचा, म्हणजे नारिंगीकडचा उजेड सोडतं. साध्या गुलाबी टॉवेलवर मात्र ठिपका हिरवाच, नुसता मंद.

ह्याच तत्त्वावर १९६६ पासून रंगद्रव्यांचे लेझर बनत आलेत, आणि पुढं त्यात ऱ्होडामाइन नावाचं रंगद्रव्य फार चाललं. ऱ्होडामाइन बी पाण्यात टाकलं की सुरेख गुलाबी पाणी होतं. त्या गुलाबी पाण्यातून लेझर निघतो तो नारिंगी-लाल. गुलाबी रंगाच्या हाती लेझर दिला तरी तो गुलाबी काढत नाही, म्हणजे कमालच आहे.

२२ डिसेंबर, रविवार

लाल डायोड आला, बसवला. लाल सगळ्यात नाजूक. तापला की मंद होतो, शिवाय त्याची तरंगलांबी थोडी वाढते आणि त्या बाजूला डोळा आधीच अधू. एप्रिल-मेमधे सोलापुरात गच्चीवर लेझर लावणाऱ्यांचा पांढरा रंग तासाभरात हिरवट होतो त्याचं कारण हेच, लाल गळपटतो. जानेवारीची रात्र आहे, निभेल. तरी उष्णता ओढायची ॲल्युमिनियमची पट्टी दुप्पट जाड घातली आणि पंखा बदलला.

जुना डायोड मेला होता तो त्याच पंख्यामुळं. पात्यांवर कापसाच्या तंतूंची गादी बसली होती. यंत्रमागांच्या गावात कुठलंही यंत्र उघडा, आत हेच.

२५ डिसेंबर, बुधवार

आज खरी मजा. सकाळपासून जेवायलासुद्धा उठलो नाही, बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दुकानातच पाठवली.

आधी लाल आणि निळा पूर्ण, हिरवा बंद. भिंतीवर जांभळट काहीतरी. निळा उतरवत नेला तसा तो राणी झाला, झगझगीत, पैठणीच्या काठातला असतो तसा. भाचा म्हणाला झालं. मी म्हटलं, नाही झालं. वहिनींनी गुलाबी सांगितलाय, राणी नाही. बायकांपुढं ह्या दोन रंगांत गफलत केली तर धडगत नाही.

राणीचा गुलाबी करायला त्यात काय घालायचं? भाचा म्हणाला, लाल कमी कर. केला, परत जांभळा. निळा कमी केला, लाल. मग हळूच हिरव्याची पट्टी वर सरकवली आणि राणी फिकट होत होत गुलाबाच्या पाकळीवर आला. गुलाबी म्हणजे पांढरा मिसळलेला राणी, आणि पांढरा व्हायला हिरवा लागतोच. तिन्ही रंग असताना त्यातला हिरवा दबून राहिला की गुलाबी. ऐकायला विचित्र, पण भिंतीवर दिसतं.

अडचण अशी की हिरवा पट्टीवर ६० च्या खाली आणला की मंद व्हायच्या ऐवजी पार विझतो, आणि गुलाबीचा एकदम राणी होतो. डायोडला उंबरठा असतो. ठरावीक करंटच्या खाली तो लेझर होतच नाही, मिणमिणत्या एलईडीसारखा पडून राहतो. म्हणून ० ते २५५ च्या पट्टीचा खालचा भाग फुकटचा. सॉफ्टवेअरमधे प्रत्येक रंगाचं किमान मूल्य उंबरठ्यावर आणून ठेवलं तेव्हा पट्टी सरळ चालायला लागली. आजचा मनाजोगता गुलाबी: लाल पूर्ण ताकदीवर, हिरवा आणि निळा दोन्ही त्याच्या पाव भागाच्या आसपास, निळा हिरव्यापेक्षा किंचित वर. लालचा एवढा लाड कशाला? कारण ५२०चा हिरवा डोळ्याला जितका उजळ वाटतो तितकंच वाटायला ६३८चा लाल साडेतीन-चार पट लागतो.

संध्याकाळी गंमत म्हणून जुनी सीडी स्टँडला अडकवली, झोत अगदी कमी करून त्यावर सरळ पाडला. एक मीटरवर पांढरा पुठ्ठा. सीडीवर मिलिमीटरला ६२५ रेषा असतात, त्या रेषा रंगांची फाळणी करतात. मधल्या गुलाबी ठिपक्यापासून २९ सेंटीमीटरवर निळा ठिपका, ३४ वर हिरवा, ४३ वर लाल. तिन्हींच्या मधे काहीच नाही, पुठ्ठा कोरा. भाच्यानं दीडशे रुपयांचा पॉइंटर लावून बघितला तर एकच लाल ठिपका. मग बराच वेळ तो पुठ्ठा पुढं-मागं करत तीन ठिपक्यांकडं बघत बसला होता. म्हणाला, "मामा, गुलाबी गेला कुठं?"

२६ डिसेंबर, गुरुवार

झोत अडवायला ठेवलेल्या काळ्या पुठ्ठ्यातून धूर निघाला. काडेपेटीएवढी जागा करपली. भाचा म्हणतो, हा घ्या काळा, लेझरनंच काढलाय. चष्मे काढून गप्पा मारायच्या नाहीत, असं पाटीवर खडूनं लिहिलं.

चष्म्याचंही एक आहे. निळा-हिरवा अडवणारा नारिंगी चष्मा लाल झोत सुखानं आत सोडतो. तीन रंगांना मिळून एक चष्मा शोधावा तर त्यातून पुढं काहीच दिसत नाही. म्हणून एका वेळी एकच रंग चालू ठेवून जुळवणी करतो.

२९ डिसेंबर, रविवार

तीन झोत एकावर एक बसवायचं काम. डायक्रोइक आरसे असतात, एक रंग आरपार सोडणारे आणि दुसरा परतवणारे. त्यांचे स्क्रू पाव आटा फिरवला की पाच मीटरवरचा ठिपका बोटभर सरकतो. जवळ जुळलं की लांब फाटतं, लांब जुळलं की जवळ.

शेवटी जमलं, पण पूर्ण नाही. लाल डायोडचा झोत मुळातच जाडा आणि चपटा असतो. त्यामुळं गुलाबी रेषेला एका अंगानं बारीक लाल किनार, दुसऱ्या अंगानं निळी. इरकल साडीचा काठ जसा. आधी चिडलो, मग वाटलं राहू दे.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आता काळ्याकडं वळायला पाहिजे. पुढं ढकलत होतो ते उगाच नव्हे.

रंगाच्या डब्यात काळा असतो, कारण रंग उजेड गिळतो. उजेडात काळा नसतो, कारण उजेड नुसता वाढतो. भिंतीवर आधीच असलेल्या उजेडात मी कुठलाही लेझर मिसळला तरी भिंत उजळेलच, तसूभरही काळी होणार नाही. एकानं फोनवर सल्ला दिला, इन्फ्रारेड लाव, तो दिसत नाही म्हणजे काळाच. दिसत नाही आणि काळा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ८०८ किंवा १०६४ नॅनोमीटरचा झोत भिंतीवर मारला तर भिंत होती तशीच दिसणार. वर धोका असा की झगमगाट नाही म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळ्याचा पडदा भाजून गेल्यावर कळतं. स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरांच्या आत हेच दोन्ही अदृश्य झोत असतात, आणि गाळणी बसवली नसेल तर हिरव्यासोबत बाहेरही पडतात. लहान पोरांच्या हातात ते देतात, काय बोलायचं.

दुपारी दुकानातला टीव्ही बंद होता, दारातून उजेड येत होता. बंद टीव्हीची काच करडी दिसत होती, काळी नाही. भाच्यानं टीव्ही लावला. पडद्यावर काळ्या कोटातला एक माणूस, पांढऱ्या भिंतीपुढं. कोट काळाभोर! टीव्हीनं काळं असं काहीच सोडलं नव्हतं, तिथली काच मघासारखीच करडी होती. भोवती उजेड आला म्हणून ती काळी झाली. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पाचसहा वेळा केलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा आम्ही दोघं टीव्हीला नाक लावून उभे.

तपकिरीचंही असंच आहे. तपकिरी उजेड नसतो. नारिंगी मंद करून त्याच्या भोवती पांढरं लख्ख करा, तपकिरी दिसायला लागतो.

म्हणजे वहिनींचा काळा लेझरच्या पेटीतून निघणार नाही. भिंतीवर जिथं उजेड पाडणार नाही तिथं तो मिळेल, आणि ती जागा काळी वाटावी इतका उजेड बाजूला हवा. काळी अक्षरं गुलाबी पाटावर काढायची म्हटलं तर अख्खा पाट ठिपक्यांनी भरावा लागेल. सेकंदाला वीस हजार ठिपके, चित्र न लुकलुकायला सेकंदाला वीस वेळा काढायचं, म्हणजे एका चित्राला हजार ठिपके. हजारात पाट भरत नाही, चाळणी होते.

चाळणी लिहिलं आणि चंद्रकळा आठवली. काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची चंद्रकळा! काळं काढायचंच नाही, ठिपके काढायचे.

६ जानेवारी, सोमवार

नमुना: वर गुलाबी अक्षरांत 'तिळगूळ घ्या, गोड बोला', खाली पांढऱ्या ठिपक्यांचा पदर, काठ राणी.

एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडं आरसा जाताना मधे झोत विझवायचा, ह्याला ब्लँकिंग म्हणतात. भाच्याचं पहिल्या दिवशीचं वाक्य, काळा लेझर म्हणजे बंद लेझर, ते हेच. आरशाला वजन आहे, तो सांगितल्याबरोबर थांबत नाही. झोत जरा लवकर पेटला की ठिपक्याला शेपूट येतं आणि चंद्रकळेत बेडकाची पिल्लं पोहताना दिसतात. उशीर १८० मायक्रोसेकंदांवर आणला तेव्हा शेपटं गेली.

अक्षरांनी मात्र सुख दिलं. तयार फॉन्ट कुचकामी, मात्रा भलतीकडं उडतात, म्हणून हातानं रेषा काढल्या. शिरोरेषा शेवटी एका दमात ओढली, न विझवता. इंग्रजी अक्षराअक्षराला तोडावं लागतं, आपलं शब्दागणिक एकच रूळ.

९ जानेवारी, गुरुवार

वहिनी वाणासाठी स्टीलच्या साठ वाट्या घेऊन एमआयडीसीतल्या लेझर मार्किंगवाल्याकडं निघाल्या होत्या, मलाही ओढून नेलं. पूर्वी भांड्यावर नाव घालायचं म्हणजे दुकानातला माणूस ते टरटर करणारं यंत्र घेऊन ठिपक्यांनी नाव कोरायचा, कान किटायचे. आता फायबर लेझर, आवाज नाही, ठिणगी नाही.

यंत्रातला झोत १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. वाटीवर उमटलं ते काळंकुट्ट नाव! वहिनी माझ्याकडं बघत होत्या. "हा काय मग?"

मी म्हटलं, झोत काळा नाही, डाग काळा आहे. पोलाद न कोरता नुसतं तापवलं की वर ऑक्साइडचा थर येतो, तो उजेड परत देत नाही. त्यांना फरक पटला नाही, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकानं तो का पटवून घ्यावा.

यंत्रवाला पोरगा हौशी निघाला. स्पंद लहान-मोठे करून थराची जाडी बदलता येते म्हणाला, आणि एका भंगार पत्र्यावर चौकोन काढून दाखवले. सोनेरी, निळा, जांभळा, आणि एका कोपऱ्यात चक्क गुलाबीकडं झुकणारा. थर पारदर्शक आणि अतिशय पातळ, त्याच्या वरून आणि तळातून परतणारा उजेड एकमेकांत मिसळून काही रंग मारतो, काही राखतो. बुलेटचा सायलेन्सर तापून निळा-सोनेरी होतो ते हेच. पत्रा तिरका केला की गुलाबी चौकोन थोडा सरकून हिरवट झाला. वहिनींनी साठही वाट्या काळ्याच करून घेतल्या.

१५ जानेवारी, बुधवार

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत पाच दिवस दुकान अर्धवटच. आज किंक्रांत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम. भाच्याला खांद्यावर घ्यायचे दिवस गेले, आता तोच मला गर्दीतून वाट काढून देतो.

डोळे ह्या महिन्यात बिघडलेत, बाण फुटला की मी रंगाची फोड करतो. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. आणि जांभळट-राणी बाण वर गेला तेव्हा भाचा ओरडला, "मामा, मिसळलाय!" बरोबर, त्यात स्ट्रॉन्शियम आणि तांबं दोन्ही. दारूवाल्यालाही ह्या रंगाची एकच पूड मिळत नाही.

येताना त्यानं म्हातारीचे केस मागितले, गुलाबी. तमिळनाडूत गेल्या वर्षी त्यावर बंदी आली ती ऱ्होडामाइन बी सापडलं म्हणून. मी चिक्की घेऊन दिली. "काय बे मामा," म्हणाला, पण खाल्ली.

१७ जानेवारी, शुक्रवार

अंगणात चाचणी. सगळं बोंबललं.

एक, वहिनींची भिंत पिवळसर. पिवळा रंग निळा उजेड खातो. दुकानातला गुलाबी तिथं गाजरी झाला. सूनबाई हसू दाबत होत्या. निळा वाढवत गेलो तर गुलाबी आला, पण चंद्रकळेचे ठिपके पिवळटच.

दोन, दारातला रस्त्याचा दिवा. त्याच्या उजेडात भिंत अशी धुऊन निघते की काळ्याचा मागमूस नाही, पिवळ्या भिंतीवर लुकलुकते ठिपके, बस.

काका, म्हणजे वहिनींचे यजमान, आतापर्यंत खुर्चीत पेपर वाचत होते. उठून आत गेले आणि मागावरचं न धुतलेलं, न रंगवलेलं टॉवेलचं कापड घेऊन आले, चांगलं पंधरा फूट. "हे लाव." लावलं. गुलाबी झकास, रंग कुठला खात नाही, पण काळा अजून पांढरट. मग त्यांनी करड्या रंगाची चादर काढली. करड्यावर गुलाबी थोडा दबतो, मात्र रिकामी जागा एकदम खोल जाते. शेवटी वरच्या अक्षरांमागं टॉवेलचं कापड, खालच्या पदरामागं करडी चादर. टॉवेलच्या फासांवर लेझरचा तो वळवळणारा रवाळपणाही कमी वाटला, ते बोनस.

दिव्याला महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. अंगणाच्या कडेला मंडपाचा पडदा ओढून सावली करायची ठरली.

सुरक्षेचं: हेड लोखंडी घोडीवर साडेनऊ फुटांवर, झोत डोक्यांच्या बराच वरून सरळ कापडावर, पदराची खालची कड आठ फुटांच्या खाली नाही. भिंतीवरचा आरसा आणि काचेची फोटोफ्रेम काढली. गॅल्व्हो अडकला तर झोत आपोआप बंद करणारी सर्किट तीनदा तपासली, कारण फिरणारा झोत थांबला की सगळी ताकद एका ठिपक्यात उतरते. झोताकडं मोबाइल धरायचा नाही ही पाटी. २०२३ च्या एका मिरवणुकीत माझ्याच फोनच्या कॅमेऱ्यावर कायमची आडवी रेघ उठलीय.

१९ जानेवारी, रविवार

सात वाजता अंधार पडल्यावर चालू केलं. बायका साठच्या वर, वाण कमी पडतं की काय म्हणून वहिनींची धावपळ. ट्यूब बंद करा म्हटलं तर कोणी करेना, कुंकू लावताना दिसत नाही म्हणे. शेवटी सूनबाईंनीच बटण दाबलं.

अक्षरं गुलाबी. गुलाबीच, गाजरी नाही, राणी नाही. खाली ठिपके पेटले आणि त्यांच्यामधली करडी चादर दिसेनाशी झाली. तिथं काळं होतं, हात घातला तर आत जाईल असं. सूनबाई चंद्रकळा नेसून त्याच्या खाली येऊन उभ्या राहिल्या, गळ्यात पांढरा हलवा. वर ठिपके, खाली ठिपके.

वहिनी एकेकीला हाताला धरून आणत होत्या आणि बरोबर रिकाम्या जागेकडं बोट दाखवत होत्या. "तो बघा, तो काळा. आमच्या भाऊंनी केलाय." एका आजींनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तिथं तर काहीच नाही." भाचा घोडीखाली बसून होता, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

पावणेनऊला लाल मंद व्हायला लागला, गुलाबी निळसर झाला. निळा दोन अंक उतरवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

उरलेले पैसे मिळाले, सोबत तिळाच्या वड्या आणि टॉवेलचं ते कापड. हेड पुसून माळ्यावर न ठेवता फळीवर ठेवलं. मंडपवाल्याला पुन्हा फोन लावला, उचलला नाही.

मार्किंगवाल्या पोरानं त्या दिवशी माझ्यासाठी एक वाटी गुलाबी करून दिली होती. ट्यूबखाली सरळ धरली की दुकानाचं नाव गुलाबी, तिरकी केली की हिरवट. भाच्यानं तिच्यात तीन मिलिमीटरचे स्क्रू भरून ठेवलेत.